दहा मिनिटांत वाळणारा

एनसी रंगाचा पहिला गुण घाई. गनच्या नोझलमधून सुटला की पत्र्यावर पोचेपर्यंतच त्याच्यातलं थिनर उडायला लागलेलं असतं. दहा मिनिटांनी बोट टेकवा, बोटाला लागत नाही. अर्ध्या तासात त्याच्यावर पुढचा हात मारता येतो. धूळ, डास, कडुनिंबाचं वाळकं पान, शेजारच्या गिरणीतून उडणारं पीठ, या सगळ्यांना त्याच्यावर चिकटायला मिळतात ती तेवढीच दहा मिनिटं. ज्यांच्याकडे गाडी रंगवायला बंद खोली नाही, रंग भाजायची भट्टी नाही, फक्त अंगण आहे आणि रविवारची सुट्टी आहे, त्यांच्यासाठी ही घाई फार मोलाची.

त्याचं पूर्ण नाव नायट्रोसेल्युलोज लॅकर. दुकानात एनसी म्हणून मागायचा. जुने पेंटर अजून ड्यूको म्हणतात. डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की आधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो. तो ब्युटिल ॲसिटेटचा. त्याच्या मागोमाग टोल्युइनचा उग्र दर्प येतो आणि डोक्यात चढतो. रंगद्रव्य तळाशी घट्ट बसलेलं असतं. पट्टीने तळ खरवडून, या डब्यातून त्या डब्यात ओतून नीट ढवळला नाही, तर पहिल्या कपातला पांढरा आणि शेवटच्या कपातला पांढरा वेगळा निघतो. पत्र्यावर घाई करणारा हा गडी डब्यात असताना मात्र तुमच्याकडून सावकाशी मागतो, आणि ही मागणी शेवटपर्यंत सोडत नाही. तो पैसे कमी घेतो, माणसाचे हात भरपूर घेतो.

आमच्या घरी तो आला तो दादाच्या मारुती ८००साठी. गाडी २००४ची, पांढरी. खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करावं लागतं, आणि मग दर पाच वर्षांनी. या गाडीचं पहिलं फेरपासिंग २०१९ला झालं होतं; दुसरं २०२४ला आलं. मधल्या काळात, एप्रिल २०२२पासून, कारच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. आणि गाडीची अवस्था अशी की दारांच्या खालच्या कडा गंजाने फुगलेल्या, बॉनेटवरचा रंग ठिकठिकाणी गेलेला, टपावरून हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी. इंजिन मात्र ठणठणीत. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं ते इंजिन पहाटेच्या थंडीतही पहिल्या चावीला लागतं. आईला सांगलीहून मिरजेच्या दवाखान्यात न्यायला-आणायला हीच गाडी. एका गॅरेजने पूर्ण रंगकामाचा जो आकडा सांगितला, त्यात तशीच दुसरी जुनी मारुती आली असती. मग दादाने ठरवलं, घरीच रंगवायची.

आमच्या गल्लीत एक निवृत्त पेंटर राहतात. उभं आयुष्य त्यांनी गॅरेजमध्ये गाड्या रंगवल्या. आम्ही त्यांना काका म्हणतो. दादाने त्यांना विचारलं, ‘काका, पीयू मारूया का? चकाकी चांगली येते म्हणतात.’

‘चकाकी येतीय की,’ काका म्हणाले. ‘पण ते हितं अंगणात न्हाई मारायचं. पोरं खेळत्यात हितं.’

त्यांचं म्हणणं पूर्णपणे खरं आहे आणि ते मोठ्याने सांगायला हवं. पीयू, म्हणजे दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग, गनमधूनच काचेसारखा निघतो. तो कडक असतो, पेट्रोल सांडलं तरी त्याला काही होत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर दमा लागू शकतो, आणि शरीराने एकदा त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि बंद बूथ लागतो. आपल्याकडे कितीतरी पेंटर नाकाला फडकं बांधून हा रंग मारतात आणि पन्नाशीच्या आत जिना चढताना थांबू लागतात. गाडीच्या चकाकीसाठी ही किंमत कुणी द्यावी असं मला वाटत नाही. एनसीसुद्धा निरुपद्रवी नाही. त्याचं थिनर डोकं जड करतं, मळमळ आणतं. म्हणून सेंद्रिय वाफा शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क आम्ही आधी आणला आणि रंग मागाहून. पण एनसीमध्ये तो हार्डनर नसतो, आणि उघड्या हवेत, मास्क लावून, मुलांना घरात ठेवून त्याच्याशी काम करता येतं.

तिसरा पर्याय हार्डवेअरच्या दुकानातला सिंथेटिक इनॅमल. खिडकीच्या गजांना मारतो तो. सगळ्यांत स्वस्त आणि ब्रशनेही मारता येतो. त्याचा स्वभाव मात्र एनसीच्या अगदी उलट. वाळायला रात्र घेतो, आतून मऊ राहतो, आणि तोवर अंगणातली धूळ त्याच्यात रुतून बसते. इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन घट्ट होतो. एकदा झाला की मागे फिरत नाही. पीयूचंही तसंच, दोन डबे मिसळले की रसायन पुढे जातं ते कायमचं. एनसीच्या बाबतीत असं काही घडत नाही. थिनर उडून जातं आणि एनसी मागे राहतो, बस. म्हणून वर्षांनंतरही थिनर लावलं की तो पुन्हा विरघळतो. नखांना लावायच्या पॉलिशमध्येही हाच नायट्रोसेल्युलोज असतो, आणि रिमूव्हरच्या बोळ्याने ते सुटतं ते याच कारणाने. नवा हात जुन्या हाताला थोडा विरघळवून त्याच्यात मिसळतो. सहा हात मारले तरी शेवटी थर एकच होतो. याच एका गुणामुळे कमी पैशांत, घरच्या घरी, शिकता शिकता गाडी रंगवणाऱ्याला मी एनसीच सुचवीन. चूक झाली तर तो ती दुरुस्त करू देतो.

त्याचं घराणं मात्र भडक डोक्याचं. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होतो. बाझलच्या क्रिस्टियान शोनबाइनने तो १८४६मध्ये जगापुढे आणला तेव्हा त्याचं नाव होतं गनकॉटन, बंदुकीचा कापूस. त्यात नायट्रोजनचं प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास गेलं की तो स्फोटक. बाराच्या आत-बाहेर ठेवलं की रंगाच्या कामाचा. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँट कंपनीने धूरविरहित दारू प्रचंड प्रमाणात बनवली. युद्ध संपल्यावर नायट्रोसेल्युलोजचे कारखाने हाताशी होते आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न होता. रंग म्हणून वापरायला एक अडचण होती. द्रावण इतकं दाट व्हायचं की गनमधून जाण्याइतकं पातळ केलं तर त्यात रंगद्रव्य नावालाच उरायचं. १९२०च्या सुमारास न्यू जर्सीतल्या पार्लिनच्या कारखान्यात ते पातळ करायची युक्ती सापडली, आणि एडमंड फ्लॅहर्टी या रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली तिचा रंग झाला. तोच ड्यूको. जनरल मोटर्सने १९२४च्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत वापरला. त्याआधी मोटारीला व्हार्निशचे हात ब्रशने मारायचे आणि ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात निघत होती, आणि १९२६च्या मॉडेलपासून तिला पुन्हा रंग मिळाले तेही याच जातीच्या लॅकरमुळे. मेक्सिकोचा भित्तिचित्रकार सिकेरोस याने तर कॅनव्हासपुढे ड्यूकोचे डबे उघडले. १९३६मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या कार्यशाळेत तरुण जॅक्सन पोलॉक हा रंग ओतायला आणि उडवायला शिकत होता.

याच घराण्याची दुसरी पाती आपल्याकडे आली ती सिनेमात. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्या काळची पस्तीस मिलिमीटरची जवळजवळ सगळी फिल्म नायट्रोसेल्युलोजची. कोल्हापुरात १९२९ला सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या प्रभातचे सिनेमेही याच फिल्मवर. ती जुनी झाली की चिकट होते, तिची भुकटी होते, आणि पेटली तर पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ प्रती तिच्यात गेल्या. ही हानी आठवली की मला आजही हळहळ वाटते. आणि गाडी रंगवायला बसणाऱ्या प्रत्येकाने ही आठवण उशाशी ठेवावी, कारण डब्यातला रंग त्याच रक्ताचा आहे. आमच्या अंगणात काम चालायचं तेव्हा स्वयंपाकघरातला गॅस बंद, देवघरातली समई शांत केलेली, तुळशीपुढचा दिवा सगळं आवरून हवा मोकळी झाल्यावर. विडी ओढणाऱ्याला फाटकाबाहेर उभं करायचं. रंग मारून झाला की जमिनीवर, कागदांवर पडलेली वाळकी भुकटी ओली करून उचलायची, कोरडी झाडून कोपऱ्यात ढीग करायचा नाही. तो ढीग एका ठिणगीने भडकतो. काका या बाबतीत कुणाचं ऐकत नसत.

रंग मारायचे तास थोडे. त्याआधीचे दिवस फार. लोक गाडी रंगवणं म्हणजे गन चालवणं समजतात, पण एनसी आपल्याखालचं काहीही लपवत नाही. तो अतिशय पातळ बसतो. खालचा ओरखडा, खड्डा, कागदाच्या खुणा, सगळं वर आणून दाखवतो. म्हणून आधी गाडी साबणाने धुवायची, मग थिनरच्या फडक्याने पॉलिश आणि तेलाचा अंश काढायचा. कुठे सिलिकॉनचं पॉलिश राहिलं तर तिथे रंग सरकून गोल गोल डोळे पडतात.

त्यानंतर काकांनी एक परीक्षा घेतली, ती प्रत्येकाने घ्यावी अशी आहे. थिनरमध्ये भिजवलेला बोळा जुन्या रंगावर झाकल्या जागी थोडा वेळ दाबून धरायचा. रंग बोळ्याला आला तर खाली एनसी आहे. रंगाला सुरकुत्या पडल्या तर हवेत वाळलेला इनॅमल. काहीच झालं नाही तर कारखान्यात भट्टीत भाजलेला किंवा दोन डब्यांचा रंग. डिकीच्या आत, टपावर, बॉनेटवर काही झालं नाही. तिथे कंपनीचाच मूळ रंग होता. डाव्या मागच्या दाराला मात्र बोळा लावताच रंग सुरकुतून वर उचलला गेला. पूर्वी एका गॅरेजने ठोकर बसल्यावर तेवढं दार इनॅमलने उरकलं होतं. त्यावर थेट एनसी मारला असता तर थिनरने खालचा थर उकलून सगळं दार सुरकुतलं असतं. ते दार पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. दादाने आणि मी ते आळीपाळीने केलं.

मारुती ८००चा पत्रा पातळ. सगळी गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास. गंज लागायच्या जागा ठरलेल्या: दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, बॅटरीच्या खालचा तळ, ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटखाली साचलेल्या पाण्याने कुजलेली जमीन. जिथे पत्रा फुटून भोक पडलं आहे तिथे लांबी भरून उपयोग नाही. मागून पाणी येतं आणि वर्षात ती पोपडा होऊन निघते. ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा वेल्डरकडून घालून घेतला. एवढ्या कामाला बाहेर पैसे मोजले आणि ते योग्यच होते. बाकी ठिकाणी तारेच्या ब्रशने गंज काढला, फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने उरलेला मारला, पुसून कोरडं केलं आणि लगेच रेड ऑक्साइडचा हात दिला. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही.

लांबी दोन जातींची. खोल खड्ड्याला पॉलिएस्टरची, ट्यूबमधला हार्डनर थोडासा कालवून. ती रसायनाने घट्ट होते आणि पुन्हा बसत नाही. एनसी पुट्टी फक्त केसाएवढ्या रेघांना आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांना. ती एनसीचीच सख्खी, थिनर उडून वाळते, त्यामुळे जाड भरली तर आत अडकलेलं थिनर पुढे कितीतरी दिवस हळूहळू निघत राहतं आणि पुट्टी खाली बसत जाते. आज सपाट दिसणारं दार महिन्याने खोलगट दिसतं. स्वस्तातल्या रंगकामाची निम्मी बदनामी या एका कारणाने होते आणि दोष एनसीला लागतो.

मग घासणी. बादलीत पाणी, पाण्यात थोडा साबण, रबरी ठोकळ्याला गुंडाळलेला वॉटर पेपर. लांबीवर १८०, पुढे ३२०, सरफेसरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर, ४०० आणि शेवटी ६००. ठोकळ्याशिवाय बोटांनी घासलं तर बोटांच्या ओळी पडतात. राखाडी सरफेसरवर काका काळ्या रंगाचा एक उडता हात मारायचे, नुसते ठिपके. घासताना उंच जागांवरचे ठिपके आधी जायचे आणि खोलगट जागी राहायचे, म्हणजे कुठे भरायचं ते पत्राच सांगायचा. डोळ्यांपेक्षा त्यांचा भरवसा तळहातावर. पातळ फडकं पत्र्यावर टाकून त्यावरून डोळे मिटून हात फिरवायचे आणि जिथे थांबायचे तिथे खडूची खूण करायचे. मी तिथे हात फिरवला तर मला काही लागायचं नाही. आठवडा गेल्यावर लागायला लागलं. या कामात शिकलेली कुठलीही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटत नाही.

एनसीला ऋतूचं फार आहे. थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार पत्र्यावर बाष्प बसतं आणि रंगावर पांढरट साय धरते. काळ्या, लाल रंगावर ती लगेच दिसते, पांढऱ्यावर दिसत नाही पण चकाकी मारून टाकते. पावसाळ्यात कोकणात एनसी मारायला घेणाऱ्याला म्हणूनच रिटार्डर नावाचं सावकाश उडणारं थिनर जवळ ठेवावं लागतं, आणि तरीही तो रुसतो. मे महिन्याच्या दुपारी उलटी तऱ्हा. गन आणि पत्रा यांच्यामधल्या वीतभर अंतरातच थेंब वाळतो आणि पत्र्यावर रंगाऐवजी खरखरीत धूळ बसते. आमच्या सांगलीत फेब्रुवारी-मार्चची सकाळ, दव उडून गेल्यानंतरची आणि ऊन चढायच्या आधीची, ही त्याची आवडती वेळ. दादाने पासिंगच्या तारखेच्या आधीचे रविवार त्या हिशेबाने धरले.

कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडून भाड्याने आणला. टाकीच्या तळाची तोटी उघडून साठलेलं पाणी आधी काढायचं, नाहीतर ऐन टपावर गन पाण्याचा थेंब थुंकते. रंगात जवळजवळ तितकंच थिनर, ताकासारखा पातळ होईपर्यंत, आणि मग जुन्या नायलॉन ओढणीतून गाळून कपात. हवा गनजवळ चाळीस पौंडांच्या आसपास. अंगणात पाणी मारून धूळ बसवलेली, वर आणि वाऱ्याच्या बाजूला प्लास्टिकचं छत बांधलेलं, काचा, दिवे, टायर वर्तमानपत्रं आणि टेपने झाकलेले. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंच. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात पत्र्याला समांतर न्यायचा, पट्टा कडेच्या आधी सुरू करायचा आणि कडेच्या पुढे सोडायचा, पुढचा पट्टा आधीच्याचा अर्धा भाग झाकत. आधी टप, मग बॉनेट आणि डिकी, मग बाजू. पहिला हात धुक्यासारखा उडता, पुढचे भरलेले.

पांढरा रंग निवडला तो गाडी मुळात पांढरी होती म्हणून. आरसी बुकातला रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. पण घरी रंगवणाऱ्यासाठी पांढराच बरा असतो, त्याचं दुसरंही कारण आहे. काळा रंग पत्र्यावरची प्रत्येक लाट दाखवतो, पांढरा सांभाळून घेतो. मेटॅलिक तर घरच्या माणसाने हातीच धरू नये. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या प्रत्येक हाताला वेगळ्या पडतात आणि गाडीवर ढग दिसतात.

उजव्या दारावर दादाच्या हातून रंग ओघळला. गन क्षणभर थांबली, तेवढ्यात एक लांब ओघळ हँडलपासून खाली आला. दादा फडकं घेऊन धावला. काकांनी त्याचा हात धरला. ‘शिवायचं न्हाई आता. वाळू दे त्याला.’ चहा झाला. मग ६००चा ओला पेपर ठोकळ्यावर घेऊन काकांनी तो ओघळ सपाट केला, पुसला, आणि दादाच्याच हातात गन देऊन त्याच जागी पुन्हा दोन हात मारायला लावले. थिनरने नवं-जुनं एक केलं आणि ओघळ होता ती जागा नंतर आम्हालाही सापडेना. डिकीवर बसलेल्या एका डासाची गतही अशीच झाली. इनॅमलवर हेच घडलं असतं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून, मऊ रंग उकरून, आख्खं पॅनेल पुन्हा करावं लागलं असतं.

सहा हात झाले तेव्हा गाडी पांढरी झाली होती, पण मंद. एनसी गनमधून चकाकत निघत नाही. त्याची चकाकी घासून काढावी लागते आणि ती पूर्णपणे माणसाच्या दंडातून येते. त्याला आठ-दहा दिवस निवांत वाळू दिलं. मग १२०० आणि २०००चा पेपर पाण्यात, अगदी हलक्या हाताने, संत्र्याच्या सालीसारखी खरखर जाईपर्यंत. त्यानंतर रबिंग कंपाउंड मलमलच्या फडक्यावर. दारांच्या कडा आणि बॉनेटची धार यांच्यावर टेप लावून ठेवली, कारण तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि दोन घासण्यांत खालचा राखाडी उघडा पडतो. घरातले सगळे बसले. वहिनींनी बॉनेट घेतलं, त्यांच्या मुलीने डिकी. फडकं पांढरं व्हायचं, कारण एनसी घासताना स्वतःही झिजतो. म्हणून हात सहा मारलेले. दुपारनंतर बॉनेटमध्ये कडुनिंबाची फांदी दिसायला लागली तेव्हा वहिनींनी सगळ्यांना हाक मारून बोलावलं. मेण महिनाभर लावायचं नाही, आत राहिलेल्या थिनरला वाट हवी, एवढं काकांनी बजावलं.

त्याचे दोष मी झाकणार नाही. पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी सांडलं तर डाग पडतो. फडकं तिथे ठेवावंच लागतं. उन्हात उभी राहिलेली गाडी वर्षा-दीड वर्षात फिकी पडते आणि पुन्हा कंपाउंड मागते. चांगला दिसतो म्हणून थरावर थर चढवत गेलात तर काही वर्षांनी तो उन्हाळ्या-हिवाळ्याच्या ताणाने तडकतो, बारीक जाळी पडते. मग खरवडून काढण्यावाचून उपाय राहत नाही. नव्या गाड्यांच्या दुरुस्तीतून तो जवळजवळ गेलाच आहे आणि त्यात वाईट काही नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने चांगल्या बूथमध्ये, पेंटरला पुरेशी हवा देणाऱ्या मालकाकडे गाडी द्यावी. पण जुन्या गाड्यांची माणसं अजून खूप आहेत, आणि त्यांना गाडी पैशांअभावी भंगारात घालावी लागू नये असं मला मनापासून वाटतं. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. त्या गाड्यांचे सुटे भाग अजून मिळतात, मेकॅनिक सगळीकडे आहेत, इंजिनं चालू आहेत. बहुतेक वेळा त्यांचा पत्रा आधी जातो, आणि पत्र्याला हवा-पाण्यापासून आडोसा एवढंच हवं असतं.

पासिंगला गाडी गेली. इन्स्पेक्टरसाहेबांनी चासी नंबर पडताळला, दिवे, ब्रेक, हॉर्न पाहिले, रंगावरून एकदा नजर फिरवली आणि कागद पुढे सरकवला. गाडीला पुढची पाच वर्षं मिळाली.

उरलेला रंग दादाने छोट्या डब्यात भरला, वर दोन चमचे थिनर ओतून झाकण हातोडीने बसवलं आणि बाहेर टेपवर गाडीचा नंबर लिहिला. दिवाळीच्या आसपास मंडईत कुणाच्या तरी सायकलचं हँडल घासून पुढच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा आला. दादाने काकांना बोलावलं नाही. वहिनींच्या मुलीने डबा तळापासून ढवळला, ओरखडा ६००ने पुसट केला, आणि दादाने हातपंपाच्या लहान गनने तीन हात मारले. पुढच्या रविवारी कंपाउंड लावलं. संध्याकाळी काका फिरायला निघाले होते. त्यांनी दारावरून डोळे मिटून तळहात फिरवला, मग उलट दिशेने पुन्हा फिरवला, आणि विचारलं, ‘कुठं होता म्हणालास ओरखडा?’